संगणकीय आणि सिंथेटिक जीवशास्त्रात संशोधन करणारी माणसं दिवसभर नेमकं काय करतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: "मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातून बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. कम्प्युटेशनल आणि सिंथेटिक बायोलॉजीत पीएचडी करणारे दिवसभर करतात काय? काम कम्प्युटरवरचं की प्रयोगशाळेतलं? आणि आमच्यासारख्यांना ते जमतं का?"

पाचवं वर्ष चाललंय माझं याच विषयात, म्हणून लिहिते. सध्या दिवाळीसाठी घरी आहे, यवतमाळ जिल्ह्यात राळेगावकडे. वेचणी सुरू आहे आणि दुपारची लाइन नसते, त्यामुळे हे उत्तर तीन बैठकांत लिहिलंय. कुठं सांधा दिसला तर चालवून घ्या.

माझ्या कामाचं आजवरचं सगळ्यात चांगलं वर्णन बाबांनी केलंय. पारावर कोणीतरी विचारलं, "पोरगी काय करून राह्यली तिकडं?" बाबा म्हणाले, "कम्प्युटरवर जंतू पाळते." तेव्हा चिडले होते. नंतर लक्षात आलं की आमच्या प्रयोगशाळेच्या पाटीवर जे लिहिलंय त्यापेक्षा हे बरं आहे.

जंतू म्हणजे ई. कोलाय. आपल्या आतड्यात असतो तोच, पण प्रयोगशाळेतला वाण निरुपद्रवी. त्याच्या डीएनएचा सगळा मजकूर साधारण ४६ लाख अक्षरांचा आणि त्यात ४,३०० च्या आसपास जनुकं. मी त्यात आणखी हजार-दोन हजार अक्षरं लिहून घालते आणि मग बघत बसते की तो ती किती दिवस सांभाळतो. लिहिणं कम्प्युटरवर, घालणं हातानं, मोजणं मशीनवर, आणि मोजलेल्याचा अर्थ लावणं पुन्हा कम्प्युटरवर. सोमवारी सकाळी बाटल्या हलवत असते, दुपारी प्रोग्राममधली चूक शोधत असते. त्यामुळे 'हे की ते' याला माझ्याकडे उत्तर नाही.

लिहिणं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण त्याचं एक उदाहरण तुमच्याच वावरात उभं आहे. डीएनएची चार अक्षरं, तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द, त्यांतले ६१ शब्द वीस अमिनो आम्लांसाठी आणि उरलेले तीन पूर्णविराम. हे बारावीत झालंय. पण पुस्तकात एक गोष्ट ओझरती येते. एकाच अर्थाचे अनेक शब्द आहेत, आणि प्रत्येक जीवाचे त्यांतले काही लाडके असतात. आपल्याकडं पऱ्हाटी म्हणतात, पुण्याकडं कपाशी. वस्तू तीच, पण राळेगावच्या बाजारात कपाशी म्हणालात तर समोरचा आधी तुमच्याकडं बघतो, मग काम करतो. बीटी कपाशीतलं क्राय१एसी हे जनुक मुळात मातीतल्या एका जिवाणूचं. ते जसंच्या तसं झाडात घातलं तेव्हा झाडानं अळी मारणारं ते विष जवळजवळ बनवलंच नाही. जिवाणूच्या त्या मजकुरात ए आणि टी ही अक्षरं फार, आणि झाड त्यातल्या काही जागांना भलत्याच खुणा समजून मध्येच थांबायचं. मग ते जनुक झाडाच्या बोलीत नव्यानं लिहिलं गेलं, प्रथिन तेच ठेवून. १९९१ साली छापून आलेल्या त्या कामात विषाचं प्रमाण शंभरपटीपर्यंत वाढलेलं होतं. म्हणजे २००२ साली आपल्याकडं बीटीला परवानगी मिळाल्यापासून आपले बाप जी सरकी टोबतात, तिच्यात कोणीतरी टेबलावर बसून शब्द बदलून लिहिलेलं जनुक आहे. सिंथेटिक बायोलॉजी हे नाव नंतर गाजलं.

आता माझी फजिती.

पहिल्या वर्षी एक साधं सर्किट, म्हणजे जनुकांची जोडणी, लिहिलं. एकापाठोपाठ दोन जनुकं. प्रत्येक जनुकाच्या शेवटी 'इथं थांब' सांगणारा एक तुकडा लागतो, त्याला टर्मिनेटर म्हणतात. एक टर्मिनेटर चांगला चालतो असं माहीत होतं, म्हणून दोन्हीकडं तोच चिकटवला, कॉपी-पेस्ट. दुसरं जनुक हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं, जेलीफिशमधून आलेलं ते प्रसिद्ध. पेशी चमकली की सर्किट शाबूत आहे असं समजायचं.

मग रोजचा नेम. आदल्या दिवशीच्या नळीतले १० मायक्रोलिटर घ्यायचे आणि एक मिलिलिटर ताज्या खाण्यात टाकायचे, दह्याला विरजण लावतात तसं. शंभरपट पातळ झालेले जंतू पुन्हा तेवढेच वाढेपर्यंत साडेसहाच्या वर पिढ्या होतात. चार दिवस छान हिरवं. पाचव्या दिवशी आकडा जरा उतरला. सातव्या दिवशी मी मशीनला शिव्या दिल्या. दहाव्या दिवशी ते जंतू प्लेटवर पसरवले, रात्रभर वाढू दिले आणि सकाळी खोली अंधारी करून निळ्या दिव्याखाली धरले. शंभरेक ठिपके होते. त्यांत हिरवे मोजून सहा. बाकीचे दह्याच्या थेंबासारखे पांढरट, आणि हिरव्यांपेक्षा अंमळ मोठे.

ते 'अंमळ मोठे' माझ्या डोक्यात तेव्हा शिरलंच नाही. तीन पांढरे ठिपके उचलून त्यांचा डीएनए वाचून आणला. तिन्हींत तोच घोटाळा: पहिल्या टर्मिनेटरपासून दुसऱ्या टर्मिनेटरपर्यंतचा मजकूर गायब. हिरवं जनुक आख्खं गेलेलं, सांधा इतका सफाईदार की तिथं कधी काही होतं असं वाटू नये. औषधाला (अँटिबायोटिकला) दाद न देणारा भाग मात्र त्यांनी जपून ठेवला होता, कारण खाण्यात ते औषध घातलेलं असतं आणि तो भाग टाकला असता तर मेले असते. टाकलं ते फक्त माझं.

हे होतं कसं? शाळेत फळ्यावरचं उतरवून घेताना तुमचंही झालं असेल. एकच शब्द दोन ओळींत येतो, नजर पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर जाते आणि मधली ओळ वहीत येतच नाही. हातानं पोथ्या नकलणाऱ्यांची ही जुनी खोड. आपल्याकडं ऋद्धपूरला महानुभावांच्या पोथ्यांची केवढी परंपरा, तिथल्या जुन्या हस्तलिखितांवर काम करणाऱ्याला विचारा, तो पाठभेदांची रासच काढून दाखवेल. गंमत म्हणजे कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे चुकांवरून ताडण्याची जी रीत आहे, जवळपास तीच आम्ही जीवांची वंशावळ काढायला वापरतो. असो. पेशीतली नक्कल करणारी आणि तुटलेलं जोडणारी यंत्रणाही सारखा मजकूर दोनदा दिसला की अशीच घसरते. लाखांत एखादीच, पण घसरते.

आणि एकदा घसरलेली पेशी जिंकते. का, याचा हिशोब फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतो. समजा ओझं टाकलेली पांढरी पेशी २० मिनिटांत दुप्पट होते आणि हिरवं प्रथिन बनवत बसलेली २५ मिनिटांत. दहा तासांत पहिलीच्या ३० पिढ्या, दुसरीच्या २४. सहा पिढ्यांचा फरक म्हणजे दोनाचा सहावा घात, ६४ पट. सुरुवातीला दहा लाखांत एकच पांढरी असली तरी अशा चार फेऱ्यांत पांढऱ्यांचं बहुमत. नळीत खाणं संपतं, एवढी मोकळी वाढ होत नाही, पण कल कळायला हे पुरे. माझे दहा दिवस का गेले हे मला त्या दिवशी समजलं. 'अंमळ मोठे' का होते तेही.

पुढचा महिना मी एक छोटा प्रोग्राम लिहिण्यात घालवला. पायथनच्या चाळीसेक ओळी. दिलेल्या मजकुरात कुठं सारखे तुकडे दोनदा येतात, किती लांब, किती अंतरावर, एवढंच शोधतो. तो आधी चालवला असता तर चूक दोन सेकंदांत सापडली असती. कम्प्युटरचं काम आमच्यात बहुतेक वेळा हे असं असतं: आठवडे वाचवणं. बातमीत येतं ते नाही.

बातमीत येतं तेही खरंच आहे म्हणा. २००० साली एलोविट्झ आणि लायब्लर या दोघांनी तीन जनुकं अशी जोडली की पहिलं दुसऱ्याला दाबेल, दुसरं तिसऱ्याला आणि तिसरं पुन्हा पहिल्याला, आणि जंतू दिव्यासारखा लुकलुकायला लागला. आधी समीकरणं मांडली, मग तसा जीव घडवला. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानं जनुकांचं बटण बनवलं, एकदा दाबलं की तसंच राहणारं. नवी प्रथिनं कम्प्युटरवर रचणाऱ्या आणि प्रथिनाच्या घडीचा अंदाज बांधणाऱ्या कामाला २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, पहिल्यासाठी बेकर यांना, दुसऱ्यासाठी हसाबिस आणि जंपर यांना. पण मला विचाराल तर या विषयातला सगळ्यात प्रामाणिक आकडा २०१६ चा आहे. अमेरिकेतले शास्त्रज्ञ क्रेग वेंटर यांच्या संस्थेनं जगायला लागेल तेवढाच, ४७३ जनुकांचा जीव बनवला, आणि त्यांतली १४९ जनुकं नेमकी काय करतात ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. काढली की जीव मरतो किंवा रखडतो, ठेवली की जगतो, बस. इतका कमी कळलेला मजकूर आम्ही दुरुस्त करायला निघालोय.

आता बोंडअळी. हा फाटा नाही, मी या विषयात आलेच तिच्यामुळे.

२०१७ साली मी तुमच्यासारखीच बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला होते. त्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते तुमच्या घरीही आठवत असेल. सुट्टीत घरी आले तर माय वावरात उभी. तिनं एक हिरवं बोंड तोडलं, टणक, डाग नाही, छिद्र नाही. दगडावर ठेवून फोडलं. "वरून कसं गच्च, अन् अंदर पाह्य." आत सरकीत तोंड खुपसून बसलेली गुलाबी अळी, आजूबाजूला पिवळा पडलेला ओला कापूस. अळी लहान असतानाच आत शिरते आणि मागं छिद्र बुजून जातं, त्यामुळे बाहेरून पत्ता लागत नाही. वेचणीला निघाली ती निम्मी कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. मी प्राणिशास्त्र शिकत होते आणि मायला द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं. बीटी असून अळी कशी?

उत्तर पुढं वाचायला मिळालं. विष अळीच्या आतड्यात एका प्रथिनाला जाऊन चिकटतं, कॅडहेरिन त्याचं नाव. ते प्रथिन बिघडलेलं असेल तर विषाला धरायला जागा नाही. भारतातल्या शेतांतून आलेल्या, विषाला न जुमानणाऱ्या अळ्यांमध्ये या प्रथिनाच्या जनुकाचे आठ बिघडलेले अवतार आणि त्यांच्या निरोपाचे (एमआरएनएचे) मिळून १९ मोडके प्रकार सापडले, असं २०१४ साली छापून आलंय. कुठं पूर्णविराम आधीच पडलेला, कुठं ९९ किंवा त्याहून जास्त अक्षरं गाळलेली. ते वाचताना मला माझ्या पांढऱ्या ठिपक्यांची आठवण झाली. मजकूर मोडला तो इथं फायद्याचा ठरला, तिथंही.

आणि जिंकायला तिला मदत आपणच केली. हिरव्या बोंडअळीला तूर चालते, हरभरा चालतो. गुलाबीला जवळजवळ कपाशीच लागते, म्हणजे बीटीशिवाय दुसरं काही तिच्या तोंडी पडतच नव्हतं. त्यात आपण फरदड ठेवतो, म्हणजे हंगाम संपला तरी झाडं उपटत नाही, आणि तिला खायला महिने वाढवून देतो. आपले वाण संकरित, त्यामुळे त्यांच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या एकसारख्या नसतात. एका जनुकाचा हिशोब मेंडेलच्या तक्त्यानं मांडा, चौथा हिस्सा सरक्या बिनविषारी निघतात. एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी शेजारी-शेजारी, म्हणजे अळीला सराव करायला शाळाच. आणि ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं साध्या सरकीचं पाकीट यायचं ना? ते कडेनं लावायचं, म्हणजे तिथं साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी जुळतात आणि पुढची पिढी पुन्हा विषाला बळी पडते. आमच्याकडं ती पाकिटं कोठ्याच्या खुंटीला लटकलेली असायची. बाबांना विचारलं तर म्हणाले, "फुकटचं असते ते, त्याले कोण पेरते?" ते पाकीट का देतात हे त्यांना कोणी बसून सांगितलंच नव्हतं. माझ्या मते ही चूक बाबांची कमी आणि पाकीट हातात देऊन निघून जाणाऱ्यांची जास्त. अमेरिकेनं २०१८ मध्ये गुलाबी बोंडअळी कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं. त्यांनी बीटीच्या जोडीला वंध्य केलेले पतंग सोडले होते आणि इतरही बरंच काही नेटानं केलं होतं.

तर मी करते ते नळीतलं काम आणि वावरातली बोंडअळी यांच्यात गणित एकच आहे. ओझं आलं की जीव ते झुगारायची वाट शोधतो, आणि ज्याला ती आधी सापडते त्याचीच पिल्लावळ उरते.

रोजच्या कामाबद्दल आणखी थोडं, कारण तुम्ही 'दिवसभर' असं विचारलंय. दिवसातला मोठा भाग चुका शोधण्यात जातो, आणि त्या चुका भव्य नसतात. जनुकाची जागा लिहिणाऱ्या फाइलींत काही एकपासून मोजतात, काही शून्यापासून. हे न बघता दोन फाइली जोडल्या आणि तीन आठवडे माझं प्रत्येक जनुक एका अक्षरानं सरकलेलं होतं. एकदा प्राइमर (डीएनएची नक्कल सुरू करून देणारा छोटा तुकडा) उलट दिशेनं लिहून मागवला. पैसे गेले, वर आठवडा गेला. एक्सेलचा किस्सा तर जगभरचा आहे: मार्च१, सेप्ट२ अशी माणसाच्या जनुकांची नावं ते तारखा समजून बदलून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढं शहाणपण चालेना.

जमतं का? विषय जमतो. अडचण दुसरीकडं असते. मला पहिले सहा महिने इंग्रजी पेपर वाचायला एका पानाला एक दुपार लागायची. गणित बी.एस्सी.ला सोडलं होतं ते एम.एस्सी.त रडत पुन्हा शिकले. तुम्ही संभाव्यता आणि मॅट्रिक्स आताच धरून ठेवा. पायथन शिकायला महागडा कम्प्युटर लागत नाही, ब्राउझरमध्ये चालतो. जेनबँक (डीएनएच्या मजकुरांचा साठा) आणि प्रोटीन डेटा बँक (प्रथिनांच्या आकारांचा साठा) सगळ्यांना फुकट उघड्या आहेत. आज रात्री बसलात तर क्राय१एसीचा मजकूर उतरवून त्यात कोणता तीन अक्षरी शब्द किती वेळा येतो ते मोजता येईल, आणि तेच कपाशीच्या एखाद्या जनुकाशी ताडून बघता येईल. ते केलंत तर एम.एस्सी.च्या मुलाखतीत सांगण्यासारखं काहीतरी तुमच्याकडं असेल. विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप मिळते, दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत बसायला मिळतं, तिचा अर्ज चुकवू नका. पुढं गेट किंवा नेट या परीक्षा. जेआरएफ या संशोधन फेलोशिपला २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, घरभाडं वेगळं. गावात हा आकडा सांगितल्यावर 'अजून शिकूनच राह्यली का' हा प्रश्न निम्म्यानं कमी होतो.

हरगोविंद खोरानांचं उदाहरण लोक अशा वेळी देतातच. १९७० मध्ये त्यांच्या गटानं ७७ अक्षरजोड्यांचं जनुक रसायनांतून जोडून तयार केलं, जगातलं पहिलं. शंभरेक माणसांच्या गावात जवळपास त्यांचं एकच घर लिहितं-वाचतं होतं, असं त्यांनीच सांगितलंय. खरं आहे. पण वडील पटवारी होते, हेही त्याच गोष्टीत आहे. घरात लिहिणारा माणूस असणं आणि नसणं यात फरक पडतो. तुमच्या घरी नसेल तर तुम्हाला वेळ जास्त लागेल, तो धरून चाला. पाच वर्षांचं काम मला सहा वर्षांत होणार आहे आणि त्याची मला आता लाज वाटत नाही.

बाबा आता कामगंध सापळे लावतात, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले की फवारणीचं बघायचं, हा हिशोब त्यांनी २०१८ पासून एका जुन्या शाळेच्या वहीत ठेवलाय, तारीखवार. माझ्या कित्येक फाइलींपेक्षा ती वही नीट आहे. परवा नऊ होते, काल अकरा. आज सकाळी मला म्हणाले, तूच मोज. पिशवी उलटी करून मोजले: सात पतंग आणि एक सुटा पंख. तो पंख धरायचा की नाही यावर आमचं अजून ठरलेलं नाही.